वेळेवरचा नकार

चालू असलेल्या कुठल्याही लिनक्स यंत्रात 'प्रॉक' या कप्प्याखाली 'व्हर्जन' नावाची एक छोटी फाइल असते. ती उघडली की एकच लांबलचक ओळ हाती येते. कर्नलची आवृत्ती कोणती, तो कोणत्या संगणकावर आणि कोणत्या तारखेला बांधला, कोणत्या कंपायलरने बांधला, एवढं सगळं त्या ओळीत असतं. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. माणसांनी सी भाषेत लिहिलेल्या त्याच्या लक्षावधी ओळी प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांमध्ये उतरवतो तो कंपायलर. आपण कोणाच्या हातून घडलो, हे कर्नल जन्मभर स्वतःबरोबर वागवतो. या ओळीबद्दल मला आदर आहे. बिघाड कळवणारा कोणीही असो, मी आधी ती मागून घेतो.

हिंजवडीत या ओळीचं मोल जरा जास्तच आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या टप्प्यांत, पार माणपर्यंत पसरलेल्या इमारतींमध्ये बँकांचं आणि विम्याचं काम चालतं, तसं गाड्यांचंही चालतं. चाकण, भोसरी, तळेगावच्या कारखान्यांत पत्रा, इंजिन आणि तारा जोडल्या जातात. त्या गाड्यांमधला चालकासमोरचा पडदा, गाडीचा ठावठिकाणा कळवणारी पेटी, मागचा कॅमेरा, यांच्या आतलं सॉफ्टवेअर इकडे लिहिलं जातं, तपासलं जातं, दुरुस्त होतं. यातल्या पुष्कळ पेट्यांच्या पोटात लिनक्स असतं.

गाडीचं आयुष्य आणि सॉफ्टवेअरचं आयुष्य यांचा मेळ मुळातच बसत नाही. गाडी दहा-पंधरा वर्षं रस्त्यावर धावते. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते. चिप बनवणारी कंपनी प्रकल्पाच्या सुरुवातीला एक कर्नल आणि त्याच्याबरोबर एक कंपायलर देते, आणि तो कंपायलर तिथेच गोठतो. यात आळस नसतो. वाहनांमधल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ २६२६२ हे मानक २०११ मध्ये आलं. ज्या साधनांनी सॉफ्टवेअर बनवलं त्या साधनांवर भरवसा कशाच्या आधारावर ठेवलात, हेही ते विचारतं. एकदा तपासून कागदोपत्री सिद्ध केलेला कंपायलर बदलायचा, तर तो सगळा व्याप पुन्हा करावा लागतो. म्हणून २०१४ सालचा कंपायलर कित्येक वर्षांनीही आमच्याकडे रोज कामाला जुंपलेला असतो. कर्नलला मात्र असं थांबून चालत नाही. त्यात सुरक्षेच्या त्रुटी सापडत राहतात, आणि त्या बुजवायच्या तर कधी ना कधी पुढच्या आवृत्तीवर जावंच लागतं. जुना कंपायलर आणि नवा कर्नल यांची गाठ पडते ती अशी.

अशाच एका प्रकल्पात जीसीसी ४.९ या कंपायलरने कर्नलची ५.१५ ही आवृत्ती बांधायची होती. बांधणी सुरू व्हायच्या आधीच थांबली. कर्नलमध्ये काय हवं, काय नको हे ठरवण्याच्या पहिल्याच पायरीवर त्याने सांगून टाकलं की कंपायलर फार जुना आहे, तुमची आवृत्ती ४.९ आहे आणि किमान ५.१ लागते. मोजक्या ओळींत संपलेला स्वच्छ नकार होता तो.

किमान आवृत्तीचा हा आकडा कर्नलच्या 'स्क्रिप्ट्स' या कप्प्यातल्या एका लहानशा फाइलमध्ये लिहिलेला असतो. तो हाताने ५.१ वरून ४.९ वर आणला की दार उघडतं. बैठकीत ही सूचना आली तेव्हा बहुतेकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मुदत जवळ आली होती. पुढे ज्या चुका दिसतील त्या एकेक करून निस्तरू, असा सूर होता. आमच्या गटात नव्यानेच आलेली, खेड तालुक्यातली एक मुलगी तेवढी म्हणाली, ''सर, पण हा आकडा ५.१ च का? कोणीतरी कशासाठी तरी ठरवला असेल ना?''

सगळ्या बैठकीत विचारला गेलेला तो एकच खरा अभियांत्रिकीचा प्रश्न होता. तिने लगेच, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये, तो आकडा कोणत्या बदलातून आला ते पाहायला घेतलं, आणि धागा थेट २०२१ च्या जानेवारीपर्यंत जाऊन पोचला.

रसेल किंग हे एआरएम प्रोसेसरवर लिनक्स आणणारे गृहस्थ. १९९४ पासून ते या कामात आहेत. त्यांच्या एका ६४-बिट एआरएम यंत्रावर क्वचित कधीतरी फाइल सिस्टिम तक्रार करायची की साठवलेल्या माहितीची पडताळणी जुळत नाही. दोष रोज येत नसे, आणि मुद्दाम आणणंही सोपं नव्हतं. डिस्क, मेमरी, प्रोसेसरचा लिहिण्या-वाचण्याचा क्रम, अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. दीर्घकाळ पाठलाग केल्यावर गुन्हेगार सापडला तो ज्याच्यावर कोणी संशय घेतला नव्हता तिथे. कर्नल जीसीसी ४.९.४ ने बांधलेला होता आणि कंपायलरने चुकीच्या आज्ञा लिहिल्या होत्या.

चूक समजून घेण्यासारखी आहे. कुठलंही फंक्शन चालू होतं तेव्हा त्याला स्टॅकवर थोडी जागा मिळते. हातातली मूल्यं ते तिथे ठेवतं. काम संपलं की स्टॅकचा निर्देशक मागे सरकतो आणि जागा मोकळी होते. हा कंपायलर काही विशिष्ट प्रसंगी दोन आज्ञांचा क्रम उलटा लावायचा. आधी जागा सोडायची आणि मग तिथलं मूल्य वाचायचं. मध्ये अंतर जेमतेम एखाद्या आज्ञेचं. खाणावळीत जेवून उठावं, टेबल रिकामं झाल्याचं सांगावं, दोन पावलं जावं आणि मग टेबलावर राहिलेलं पाकीट घ्यायला वळावं, तसं. बहुतेक वेळा पाकीट जागेवरच असतं. पण नेमकं त्याच क्षणी दुसरं कोणी तिथे येऊन बसलं तर? कर्नलच्या बाबतीत तो दुसरा म्हणजे इंटरप्ट, डिस्कने किंवा नेटवर्क कार्डाने घातलेली हाक. तो येतो, मोकळी दिसणारी जागा वापरतो आणि निघून जातो. फंक्शन मग त्या जागेवरून दुसऱ्याच कुणाचं मूल्य उचलतं आणि तेच आपलं उत्तर म्हणून परत करतं.

साध्या प्रोग्रॅमला याचा सहसा त्रास होत नाही, कारण इंटरप्ट आला की प्रोसेसर कर्नलच्या स्टॅकवर जातो आणि प्रोग्रॅमचा स्टॅक आहे तसा राहतो. त्यामुळे त्याच कंपायलरने बांधलेले शेकडो प्रोग्रॅम वर्षानुवर्षं नीट चालतात, आणि कंपायलर निर्दोष असल्याची साक्ष देत राहतात. ती साक्ष खोटी नसते, फक्त कर्नलला ती लागू पडत नाही. कर्नल जिथे उभा आहे तिथे त्याच्या खाली आणखी कोणी सांभाळणारं नाही. हा दोष २०१४ मध्येच नोंदवला गेला होता आणि जीसीसी ५.१ मध्ये तो उरला नव्हता. किंग यांच्या शोधानंतर ६४-बिट एआरएमसाठी किमान आवृत्ती ५.१ झाली. त्याच वर्षी, कर्नल ५.१५ मध्ये, सगळ्याच प्रोसेसरांसाठी तोच आकडा लागू झाला. आमची चिपही ६४-बिट एआरएमचीच होती.

ही एकटीदुकटी गोष्टही नव्हे. ३२-बिट एआरएमसाठी जीसीसी ४.८.० ते ४.८.२ या आवृत्त्यांमध्ये याच घराण्याचा दोष होता. कर्नलच्या एआरएम विभागात त्या आवृत्त्यांना चक्क नावानिशी मज्जाव होता. या कंपायलरने बांधलेल्या कर्नलमुळे फाइल सिस्टिमची नासाडी होते हे ठाऊक आहे, असं तिथे लिहून ठेवलं होतं. २०१४ च्या जुलैमध्ये इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर जीसीसी ४.९.० ने त्याचीच दुसरी बाजू दाखवली. तिथे कर्नलच्या शेड्यूलरमधल्या एका फंक्शनमध्ये जागा ताब्यात घ्यायच्या आधीच मूल्य ठेवून दिलं जात होतं. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी स्वतः असेम्ब्लीच्या, म्हणजे वाचता येईल अशा रूपातल्या प्रोसेसरच्या आज्ञांच्या, ओळी वाचून ते दाखवून दिलं, आणि तो दोष टळावा म्हणून कर्नलच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये, कंपायलरचा एक पर्याय बंद करण्यात आला. एकाने जागा मिळायच्या आधी वापरली, दुसऱ्याने सोडल्यानंतर. दोन्हींमध्ये बांधणी मात्र शांतपणे पूर्ण झाली होती. एकही तक्रार नव्हती.

कर्नल बांधणाऱ्याने भ्यायला हवं ते या शांततेला. पडद्यावर लाल अक्षरांत चुका ओतत थांबलेली बांधणी तुमचा एक दिवस खाते, फार तर एक आठवडा. चुकीचा कर्नल निमूट बांधून देणारा कंपायलर तुम्हाला आधी आनंद देतो. मग गाडी कारखान्यातून बाहेर पडते, विकली जाते, आणि दोन वर्षांनी कुठल्याशा घाटात तिचा पडदा काळा होतो. तेव्हा तो दोष कोणाच्या नावावर जाईल? चिपच्या, वायरिंगच्या, कदाचित चालकाच्याही. कंपायलरपर्यंत पोचायला किंग यांच्यासारखा जन्मभर हेच केलेला माणूस लागतो आणि त्याच्याजवळ वेळ लागतो. आमच्यापाशी यातलं काहीच मुबलक नाही.

कर्नलच्या लोकांना हे फार लवकर उमगलं होतं. कर्नलची सुरुवात जिथून होते त्या फाइलमध्ये अनेक वर्षं एक तपासणी होती. कंपायलर ठरावीक आवृत्तीपेक्षा जुना असेल तर बांधणी तिथेच थांबायची, आणि शेजारी कारण दिलेलं असायचं की याहून जुना कंपायलर कर्नल बांधूनही देईल, पण चालताना त्यात बारीक, न कळणारे दोष निघतील. म्हणून आधीच नाही म्हणतोय. २००० साली रेड हॅट या लिनक्स वितरणाची ७.० ही आवृत्ती आली तेव्हा तिच्यात दोन कंपायलर होते. नेहमीच्या कामासाठी नवा जीसीसी २.९६, आणि केवळ कर्नल बांधण्यासाठी 'केजीसीसी' नावाने ठेवलेला जुना, कारण नव्यावर कर्नल सोपवण्याजोगा भरवसा नव्हता. म्हणजे त्या वेळी दोष नव्याकडे होता आणि जुनाच विश्वासाचा होता.

जुन्याची बाजू इथेच संपत नाही. अँड्र्यू मॉर्टन हे कर्नलचे ज्येष्ठ सांभाळकर्ते. त्यांनी कित्येक वर्षं जीसीसी ४.४.४ मुद्दाम वापरात ठेवला. नव्या लिखाणात कोणी निनावी युनियनमधल्या घटकाला नाव घेऊन सुरुवातीचं मूल्य दिलं की हा कंपायलर म्हणायचा, असं फील्डच नाही. फील्ड तर डोळ्यांसमोर असायचं. मॉर्टन दर वेळी त्या ओळी थोड्या वेगळ्या लिहून बांधणी पुन्हा चालू करत. जुनी यंत्रं, जुन्या वितरणांवर अडकलेली माणसं यांच्यासाठी दार उघडं राहावं, म्हणून घेतलेले कष्ट होते ते. कर्नलचेच आणखी एक सांभाळकर्ते गीर्त उइटरहूवन यांनी तर त्याहूनही जुना जीसीसी ४.१.२ जपला, आणि मूल्य न देताच वापरलेल्या व्हेरिएबलबद्दल तो जे इशारे द्यायचा त्यांतून खरे दोष पकडले. म्हातारा कंपायलर पुष्कळदा उगाच कुरकुरायचा, पण प्रत्येक कुरकुर उघडून पाहणारा माणूस समोर असला तर तीही कामाची ठरायची. २०१८ मध्ये किमान आवृत्ती ४.६ झाली, नंतर ४.९, मग ५.१, आणि २०२५ मध्ये ८. प्रत्येक पायरीला सोडून देण्याचं दुःख आहे आणि मिळण्याचा लाभही आहे. ५.१ ची अट आली म्हणूनच पुढच्या वर्षी, ५.१८ मध्ये, कर्नल १९८९ च्या सी भाषेतून बाहेर पडून २०११ च्या सी भाषेत येऊ शकला.

म्हणून जुना कंपायलर वाईट आणि नवा चांगला असा सरळ हिशोब मी मांडत नाही. कुठल्या साधनाला काय झेपतं आणि काय झेपत नाही, हे नेमकं माहीत असणं मोलाचं. ते माहीत होण्याचा मार्ग एकच आहे, नकार मिळाला की त्याच्या मागे चालत जाणं.

नकार दर वेळी इतका स्पष्ट मिळत नाही हेही खरं. बांधणी एका वेळी अनेक कामं चालवते, त्यामुळे पडद्यावर तळाशी जी ओळ उरते ती 'एरर २' एवढंच सांगते. खरी चूक वर कुठेतरी वाहून गेलेली असते. अशा वेळी समांतर कामं बंद करून एकेक पायरी चालवायची, प्रत्येक आज्ञा पूर्ण छापायला सांगायची आणि पहिली चूक शोधायची. बाकीच्या बहुतेक तिच्यामुळे झालेल्या असतात. मग प्रश्न विचारायचा की कंपायलरला शब्द कळला नाही, की पर्याय कळला नाही? 'अॅझम गोटो' ही सोय जीसीसीत ४.५ पासून आहे. स्टॅकवर कडक पहारा ठेवणारा पर्याय ४.९ पासून आहे. त्याआधीच्या कंपायलरपुढे तो ठेवला तर त्याला अर्थबोधच होणार नाही. कर्नलची मेकफाइल म्हणून आधी प्रत्येक पर्याय कंपायलरला विचारून पाहते, आणि कधी कधी ती विचारपूसच फसलेली असते. तेही नसेल तर एकच फाइल घेऊन तिचे सगळे मॅक्रो उलगडून पाहायचे, पुढे तिची असेम्ब्ली काढून दोन कंपायलरांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची. कर्नलची मेकफाइल या दोन्ही गोष्टी एकेका आज्ञेत करून देते, आणि तरीही त्या करणारे फार थोडे दिसतात.

याचं मला वाईट वाटतं, कारण आमच्याकडे या विद्येची कमतरता नाही. पुणे विद्यापीठातून संगणक अभियांत्रिकी केलेल्या बहुतेकांनी तिसऱ्या वर्षी सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकांत दोन फेऱ्यांचा असेम्ब्लर लिहिलेला असतो. ज्या पुस्तकावरून ते शिकले ते आयआयटी मुंबईचे प्रा. ढमढेरे यांचं, आणि कंपायलरच्या डेटा फ्लो विश्लेषणात त्यांचं स्वतःचं संशोधन आहे. त्याच संस्थेत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं, जीसीसीची अंतर्रचना समजावून देणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. म्हणजे कंपायलर आतून कसा असतो हे शिकायला आम्हाला परदेशी जावं लागत नाही. परीक्षा झाली की ती वही बंद होते, एवढंच. त्या मुलीने ती बंद केली नव्हती. ४.९ आणि ५.१ ने दिलेल्या असेम्ब्लीच्या ओळींवर तिने दोन रंगांनी खुणा केल्या आणि निर्देशक मागे सरकवणारी आज्ञा व तिच्यानंतरचं वाचन सगळ्यांना दाखवलं. त्यानंतर आकडा बदलण्याची गोष्ट कोणी काढली नाही.

मार्ग निघाला तो असा. कर्नल नव्या कंपायलरने बांधायचा आणि वरचे प्रोग्रॅम त्या तपासलेल्या जुन्याच कंपायलरवर ठेवायचे. हे शक्य होतं, कारण कर्नल आणि प्रोग्रॅम यांच्यातला सिस्टिम कॉलचा करार लिनक्समध्ये कसोशीने पाळला जातो. कंपायलर बदलला म्हणून तो बदलत नाही. अडचण आली ती एका बंद ड्रायव्हरची. तो आमच्याकडे फक्त यंत्रभाषेत होता आणि जुन्या कंपायलरने बनवलेला होता. कर्नलच्या आत चालणारं सगळं एकाच कंपायलरचं असावं या आग्रहापायी तो पुन्हा बांधून मागवावा लागला आणि त्यासाठी मुदत पुढे न्यावी लागली. मुदत पुढे नेण्याचं पत्र लिहिणं हिंजवडीत कर्नल बांधण्यापेक्षा अवघड काम आहे. 'होऊन जाईल' हे उत्तर इथल्या प्रत्येक बैठकीत तयार असतं. ते प्रेमाने दिलेलं असतं, समोरच्याला नाराज करू नये म्हणून दिलेलं असतं, आणि त्याची किंमत पुढे दुसराच कोणी भरतो. कंपायलरच्या शांत चुकीत आणि या उत्तरात मला फारसा फरक दिसत नाही.

जीसीसी स्वतः कसा बांधला जातो हे पाहिलं की यातून बाहेर पडायची वाटही दिसते. हाताशी असलेल्या जुन्या कंपायलरने नवा बांधायचा. त्या नव्याने स्वतःला पुन्हा बांधायचं. त्याने आणखी एकदा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची फळं ताडून पाहायची, आणि ती जुळली नाहीत तर काम थांबवायचं. जीसीसी ४.८ पासून तो सी प्लस प्लसमध्ये लिहिला जातो, आणि ११ व्या आवृत्तीला तर ४.८ किंवा त्याहून नवा कंपायलर लागतो. नुसत्या सी कंपायलरवरून तिथवर यायचं तर ४.७ किंवा त्याआधीच्या आवृत्तीच्या पुलावरूनच यावं लागतं. ज्याला आज कर्नलपाशी मज्जाव आहे त्याच पिढीच्या खांद्यावर आजचा कंपायलर उभा राहतो. जुन्यावर पूर्ण विश्वास नाही आणि त्याच्याविना गतीही नाही, अशा स्थितीत त्या लोकांनी काढलेला उपाय म्हणजे प्रत्येक पायरीवर पडताळणी, आणि पडताळणी फसली की उघड नकार.

आता आमच्या गटात एक रीत पडली आहे. कुठल्याही साधनाची आवृत्ती गोठवली, कुठली मर्यादा घातली, कुठला पर्याय बंद केला, तर त्या ओळीशेजारी कारण लिहायचं. काय बिघडलं होतं, कोणत्या चिपवर, कशावरून कळलं आणि ही अट कधी काढता येईल, हे सगळं त्यात यायला हवं. गाडी आमच्या नोकऱ्यांपेक्षा जास्त काळ रस्त्यावर राहणार आहे. बारा वर्षांनी तिचा कर्नल पुन्हा बांधायला बसलेल्या माणसाला आम्ही भेटणार नाही. त्याच्यासाठी मागे ठेवण्यासारखं आमच्याजवळ एवढंच आहे, की आम्ही कुठे आणि का थांबलो. ते लिहिलेलं असेल तर तो आमचा आकडा निर्धास्त पुढे नेईल. लिहिलेलं नसेल तर मुदतीच्या रात्री तो आकडा हाताने बदलेल, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नसेल.